‘वारं’ नव्हे, रक्ताची गुठळी!

गोष्ट आमच्याच चाळीतली आहे, २०१९ च्या जून महिन्यातली. तळमजल्यावरचे काका महापालिकेच्या सफाई खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. तीस वर्षे पहाटेची हजेरी लावलेला माणूस. निवृत्तीनंतरही त्यांची झोप पाचच्या ठोक्याला मोडायची. त्या दिवशी त्यांनी चहाचा कप उचलला आणि तो हातातून गळून पडला. काकू म्हणाल्या, "अहो, लक्ष कुठं आहे तुमचं?" काकांनी काहीतरी उत्तर दिले, पण शब्द बोबडे आले. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता.

काकूंच्या हाकेसरशी सारी चाळ गोळा झाली. "अंगावरून वारं गेलं," असा निकाल कुणीतरी दिला आणि सर्वांनी तो मान्य केला. पंखा बंद झाला. दारे-खिडक्या लागल्या. काकांना गोधडीत गुंडाळले. एकीने लसूण घालून तेल कडवले, दुसरीने जायफळ उगाळले. एका शहाण्याने कबुतराचे रक्त चोळायला सांगितले आणि कबूतर आणायला पोरगा पिटाळला. कुणी एका बाबाचा पत्ता दिला. आणि आम्ही? चार बुके शिकलेले, रोज वर्तमानपत्र वाचणारे, अंधश्रद्धेवर तावातावाने बोलणारे आम्ही काकांचा उजवा हात धरून तेल चोळत बसलो होतो.

अकरा वाजता कुठे रिक्षा बोलावली. जवळच्या दवाखान्यात सीटी स्कॅनचे यंत्र नव्हते; तेथून दुसरीकडे पाठवले. एक वाजला. तेथील डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "हे किती वाजता झालं?" काकू म्हणाल्या, "पाचला." बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "साडेनऊच्या आत आणलं असतं, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं."

काका वाचले. पण उजवा हात निकामी झाला, पाय ओढत चालणे नशिबी आले. काकू पोळीभाजी केंद्रात कामाला जात, ते काम सुटले. त्या आठ तासांपैकी सहा तास घरात गेले आणि ते घालवणाऱ्यांत आम्ही होतो. ही टोचणी मनात आहे, म्हणूनच हा लेख.

वारं म्हणजे नेमके काय?

अंगावरून वारं जाणे, लकवा मारणे, अर्धांगवायू, पक्षाघात अशी या आजाराची अनेक नावे. या नावांत वायू आहे, वारा आहे. प्रत्यक्षात मात्र वाऱ्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. बिघाड हातात नसतो, पायात नसतो. तो मेंदूत असतो. म्हणून हातापायाला कितीही तेल चोळले तरी ते बिघाडाच्या जागी पोहोचतच नाही.

आपला मेंदू वजनाने शरीराचा जेमतेम पन्नासावा भाग. पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा सहावा-सातवा हिस्सा तो एकटाच घेतो. त्याच्याजवळ साठा नसतो. हातावर पोट असलेल्या माणसासारखे त्याचे आहे. रोजचे आले तर रोजचे भागले. मानेतून वर जाणाऱ्या चार मोठ्या धमन्या त्याला रक्त पुरवतात. त्यातील एखादी धमनी किंवा तिची फांदी रक्ताच्या गुठळीने बुजली, की त्या फांदीवर जगणारा मेंदूचा भाग उपाशी पडतो आणि मरू लागतो. मोठी धमनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २००६ साली मांडला. डाव्या मेंदूचा ताबा उजव्या अंगावर आणि उजव्याचा डाव्या अंगावर असतो. म्हणून एकच बाजू लुळी पडते.

दहा रुग्णांपैकी साधारण आठ जणांना असा गुठळीचा झटका येतो. उरलेल्या दोघांची रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पण उपचार अगदी उलटे. गुठळी असेल तर रक्त पातळ करायचे. रक्तस्राव असेल तर तेच औषध जीव घेईल. फरक सांगते ते सीटी स्कॅन. म्हणून ज्या ठिकाणी चोवीस तास सीटी स्कॅन आहे, तेथेच रुग्णाला न्यायचे.

ओळखावे कसे?

त्यासाठी डॉक्टर व्हावे लागत नाही. चौथीतल्या मुलालाही जमेल अशी ही परीक्षा आहे. रुग्णाला हसायला सांगा. तोंड एका बाजूला ओढले जाते का? दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा. एक हात खाली घसरतो का? आपले नाव आणि पत्ता सांगायला लावा. शब्द बोबडे येतात का, भलतेच येतात का, की सुचतच नाहीत? या तीनपैकी एक जरी खूण अचानक दिसली, तरी झटकाच समजा. एकाएकी तोल जाणे, एका डोळ्यापुढे अंधार येणे, एकाची दोन दिसणे याही त्याच्याच खुणा आहेत.

येथे एक फसगत होते. हृदयविकारात माणूस छाती धरून विव्हळतो, म्हणून घरचे धावतात. मेंदूच्या झटक्यात बहुधा दुखतच नाही. "थकवा आला असेल, पडून राहा," म्हणत वेळ जातो. कित्येकदा रुग्णाला स्वतःलाच कळत नाही की आपला हात हलत नाही. शिवाय दारू पिणारा माणूस असला की "चढली असेल" म्हणून कुणी लक्षच देत नाही. दारू पिणाऱ्यालाही झटका येतो, हे ध्यानात ठेवा.

घड्याळाशी शर्यत

एकेकाळी या आजाराला खरोखरच उपाय नव्हता. डॉक्टर सलाईन लावत आणि वाट पाहत. तेव्हा तेल चोळणाऱ्याचे नि डॉक्टरचे फारसे निराळे नव्हते, असे म्हटले तरी चालेल. १९९५ साली चित्र बदलले. अमेरिकेत ६२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दिसून आले की, झटक्यापासून तीन तासांच्या आत गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून दिले, तर तीन महिन्यांनी जवळजवळ धडधाकट असणाऱ्यांचे प्रमाण वाढते. २००८ साली युरोपातील चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. अल्टेप्लेस आणि टेनेक्टेप्लेस ही त्या औषधांची नावे. धोका नाही असे नाही. १९९५ च्या चाचणीत औषध दिलेल्या शंभरातील सहा जणांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. म्हणूनच आधी स्कॅन, रक्तदाब, साखर, नुकते ऑपरेशन झाले होते का, हे सारे पाहून डॉक्टर निर्णय घेतात. नातेवाइकांना सही मागितली की घाबरून "गावाकडून भाऊ येऊ द्या" असे म्हणू नये. नफा-तोटा दोन मिनिटांत समजून घ्यावा आणि हो किंवा नाही सांगावे.

साडेचार तास मिळतात म्हणजे चार तास थांबायला हरकत नाही, असाही अर्थ नव्हे. पहिल्या तासात दिलेले औषध चौथ्या तासातल्यापेक्षा कितीतरी अधिक गुण देते.

मोठी धमनी बुजली असेल तर आणखी एक उपाय २०१५ पासून सिद्ध झाला आहे. जांघेतील धमनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढतात. हे काम शक्यतो सहा तासांच्या आत करायचे. निवडक रुग्णांत स्कॅन पाहून चोवीस तासांपर्यंतही करता येते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी दाखवले. ही सोय मोजक्या मोठ्या रुग्णालयांतच असते. पण यावरून एक गोष्ट घ्या: साडेचार तास उलटले म्हणून घरी बसू नका. झोपेतून उठल्यावर अंग लुळे दिसले, तर रात्री शेवटचे नीट बोलता-चालताना केव्हा पाहिले ती वेळ सांगा आणि तसेच निघा.

मदतीच्या नावाखाली होणारे घात

प्रेमापोटीच आपण काही घातक गोष्टी करतो. पहिली, पाणी किंवा चहा पाजणे. झटक्यात गिळण्याची शक्ती जाते. पाणी फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. तोंडात काहीही घालू नये, गोळीसुद्धा नाही. दुसरी, "रक्त पातळ होईल" म्हणून घरीच ॲस्पिरिन देणे. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनपूर्वी कुणालाच सांगता येत नाही. तिसरी, रक्तदाब वाढलेला पाहून जिभेखाली औषध देणे. झटक्याच्या वेळी रक्तदाब वाढतोच; तो एकदम पाडला तर उपाशी मेंदूला उरलेसुरले रक्तही मिळत नाही. चौथी, ओळखीच्या डॉक्टरकडे आधी दाखवून मग पुढे जाणे. त्यात तासभर सहज मोडतो. पाचवी म्हणजे चोळणे, गंडा, दोरा आणि बाबा. त्याबद्दल आमच्या तोंडून अधिक ऐकायची गरज नाही.

करायचे एवढेच: रुग्णाला कुशीवर निजवा, कपडे सैल करा, वेळ लिहून घ्या, १०८ ला फोन करा. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल ते वाहन धरा. चालू गोळ्यांची पुडकी आणि जुने कागद एका पिशवीत टाकून बरोबर न्या.

आला आणि गेला

पुष्कळदा मोठ्या झटक्याआधी एक छोटा झटका येऊन जातो. हात दहा मिनिटे लुळा पडतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो. तोंड वाकडे होते, तासाभरात सरळ होते. घरात सगळे म्हणतात, "गेलं बाबा संकट!" संकट गेलेले नसते, ते दारावर टकटक करून गेलेले असते. खरा झटका येण्याचा धोका पुढल्या दोन दिवसांत सर्वांत मोठा असतो. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. छोटा झटका आलेल्यांना ताबडतोब तपासून औषधे सुरू केली, तेव्हा पुढल्या तीन महिन्यांत पुन्हा झटका येणाऱ्यांचे प्रमाण शंभरात दहावरून दोनवर आले. औषधे साधीच होती: गुठळी न होऊ देणारी गोळी, चरबीची गोळी, रक्तदाबाची गोळी. फरक पडला तो लवकर दिल्यामुळे.

अशा रुग्णाच्या मानेची सोनोग्राफी करतात. गळ्याच्या दोन्ही बाजूंना जेथे ठोके लागतात, त्या कॅरोटिड धमन्यांत चरबीचा थर साचून वाट अरुंद होते. त्या थराचा कपचा सुटला की थेट मेंदूत जातो. ज्या बाजूचा झटका येऊन गेला त्या बाजूची धमनी ७० टक्क्यांहून अधिक बुजलेली असेल, तर ऑपरेशन करून ती साफ करण्याने मोठा फायदा होतो, हे १९९१ साली उत्तर अमेरिकेतील चाचणीने दाखवले. नुसत्या औषधांवर ठेवलेल्या शंभरातील २६ जणांना दोन वर्षांत त्या बाजूचा झटका आला. ऑपरेशन झालेल्यांत ९ जणांना. हे ऑपरेशन दोन आठवड्यांच्या आत झाले तर उत्तम.

आपल्याकडे मानेपेक्षा मेंदूच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचे प्रमाण गोऱ्या लोकांहून अधिक आढळते. तेथे मात्र स्टेंट घालण्यापेक्षा औषधे आणि पथ्यच बरे, असा निष्कर्ष २०११ च्या चाचणीतून निघाला. तेव्हा कुणी लाखोंचा स्टेंट सुचवला, तर घर गहाण टाकण्याआधी सरकारी रुग्णालयातील मेंदूविकार विभागात दुसरा सल्ला घ्या.

शीर बुजते कशामुळे?

हा आजार दैवाने येत नाही. ३२ देशांतील रुग्णांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात झटक्याच्या धोक्याचा नव्वद टक्के भाग दहा कारणांत सापडला. ती सगळी कारणे बदलता येण्याजोगी आहेत. त्यांतले पहिले आणि सर्वांत मोठे म्हणजे वाढलेला रक्तदाब.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले. त्यांच्या डॉक्टरांनी त्या दिवशी मोजलेला रक्तदाब ३०० वर १९० होता. जगातील सर्वांत बलाढ्य देशाचा प्रमुख. पण त्याच्यासाठी रक्तदाबाची एक धड गोळी तेव्हा अस्तित्वात नव्हती. तशा गोळ्या आल्या त्या १९५० च्या दशकाच्या अखेरीस. आज त्याहून चांगली गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते आणि जनऔषधी दुकानात काही रुपयांत. जे रूझवेल्टला मिळाले नाही ते आपल्या दाराशी आहे, आणि आपण म्हणतो, "मला काही त्रास नाही, मग गोळी कशाला?"

रक्तदाबाचा त्रास होत नाही, हेच त्याचे कपट आहे. वरचा आकडा दहाने जरी उतरवला, तरी झटक्याचा धोका साधारण चौथ्या हिश्श्याने कमी होतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी तो मोजून घ्यावा. १४० वर ९० याहून वारंवार जास्त भरला तर गोळी सुरू करावी लागते आणि ती बहुधा कायम घ्यावी लागते. बरे वाटले म्हणून, लग्नाला गावी गेलो म्हणून, पगार लांबला म्हणून सोडायची नाही.

दुसरे कारण तंबाखू. विडी, सिगारेट तर आहेच. पण चिमूटभर तंबाखू, गुटखा आणि आपल्या आया-बहिणींची मिश्री यांनाही निरुपद्रवी समजू नये. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतातच. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून, भूक मारण्यासाठी, कामाची घाण सोसवावी म्हणून तंबाखू लागते, हे आम्ही जाणतो. गटारात उतरणाऱ्याला उपदेश करणे सोपे असते. तरीही सांगतो, सोडल्यापासून धोका उतरू लागतो आणि काही वर्षांत पुष्कळ उतरतो.

तिसरे मीठ. दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर, याहून कमी खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या घरात ते सहज दुप्पट होते. भाजीतले मीठ दिसते. पापड, लोणचे, फरसाण, खारवलेली सुकी मासळी, पाकिटातले नूडल्स यांतले दिसत नाही. पोरांच्या ताटात वरून मीठ वाढायची सवय मोडा. मधुमेह हे चौथे कारण. त्याची साखर आवाक्यात ठेवा. दारू, वाढलेले पोट आणि बैठे काम ही पुढची. दिवसभर राबणाऱ्याला व्यायाम सांगणे आम्हालाच पटत नाही. पण रिक्षाचालक, पहारेकरी, शिलाई मशीनवर बसणाऱ्या भगिनी यांनी रोज अर्धा तास झपझप चालावे.

हृदयातून सुटलेली गुठळी

तरुण माणसाला झटका आला तर हृदय तपासून घ्यावे. दाटीवाटीच्या घरांत लहान मुलांना वारंवार घसा येतो, सांधे सुजतात, आणि पुढे काहींच्या हृदयाची झडप आखडते. या संधिवाती हृदयरोगात हृदय अनियमित धडधडते, आत रक्त साकळते आणि तेथून गुठळी मेंदूकडे जाते. असा आजार झालेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देत राहिले, तर झडप आणखी बिघडण्यापासून वाचवता येते. मोठेपणी हृदयाचे ठोके अनियमित झाले असतील, तर रक्त न साकळू देणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात आणि त्यांचा डोस रक्त तपासून ठरवावा लागतो. ही तपासणी चुकवणे म्हणजे जिवाशी खेळ.

बाळंतिणीबद्दलही दोन शब्द. तिला पाणी कमी द्यायची जुनी रीत काही घरांत अजून आहे. रक्त घट्ट होऊन मेंदूतील शिरेत गुठळी होण्याला ती हातभार लावते. बाळंतिणीला भरपूर पाणी द्या. तिचे डोके असह्य दुखू लागले, उलट्या किंवा झटके आले तर दृष्ट काढत बसू नका.

मेंदूची शीर बुजते तशीच पायाचीही बुजते. चालताना पोटऱ्या वळतात, थांबले की दुखणे जाते, पुन्हा चालले की पुन्हा येते, ही तिची खूण. अशा माणसाच्या मेंदूच्या आणि हृदयाच्या धमन्याही बहुधा बिघडलेल्या असतात. विडी ओढणाऱ्या तरुणांत पायाची बोटे काळी पडण्याचा एक वेगळा आजार आहे. त्यात विडी पूर्ण सोडली तर पाय बहुधा वाचतो. ओढत राहिला तर बोट, मग पाऊल, मग पाय असे कापत जावे लागते.

पैशाचे काय?

हा प्रश्न आमच्या वाचकांपुढे पहिला उभा राहतो आणि तो खरा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंदणी झालेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. कोणता उपचार योजनेत बसतो, हे त्याला विचारा. शिधापत्रिका आणि आधार कार्ड एकाच पाकिटात दाराजवळ ठेवा. कारखान्यात असाल तर कामगार विम्याचे कार्डही त्यातच ठेवा. आपल्या वस्तीपासून चोवीस तास सीटी स्कॅन असलेले सरकारी किंवा पालिकेचे रुग्णालय कोणते, हे आजच विचारून ठेवा. मध्यरात्री ते शोधता येत नाही.

झटक्यानंतर

अंग लुळे पडले म्हणजे माणूस संपला असे मानू नका. लुई पाश्चर यांना १८६८ साली वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. कुत्र्याच्या विषावरची लस त्यांनी दिली ती १८८५ साली, म्हणजे झटक्यानंतर सतरा वर्षांनी. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. पण शेजारचा भाग त्याचे काम शिकून घेतो, तेही रोज सराव केला तर. पहिले तीन ते सहा महिने सर्वांत मोलाचे. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या आणि घरच्यांनी ते रोज करून घ्या. रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्या, म्हणजे पाठीला जखमा होणार नाहीत. त्याच्यादेखत "आता काय उपयोग" असे बोलू नका. त्याला बोलता येत नसले तरी ऐकू येत असते. आणि गोळ्या चालूच ठेवा. एकदा झटका आलेल्याला दुसरा येण्याची भीती मोठी असते.

तळमजल्यावरचा आवाज

शेवटी पुन्हा आमच्या चाळीत. २०२३ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या मजल्यावरच्या ताई, घरकाम करणाऱ्या, पन्नाशीच्या, नळावर पाणी भरताना एकाएकी खाली बसल्या. डावा हात उचलेना. बायका जमल्या. "वारं गेलं" हे शब्द पुन्हा उठले. तेवढ्यात तळमजल्याच्या ओट्यावर बसलेले काका ओरडले. त्यांचे बोलणे अजून नीट लागत नाही. पण ते शब्द साऱ्या चाळीला कळले. "येळ बघा! येळ!"

ताईंच्या सुनेने घड्याळ पाहिले. आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. तिने आकडा हातावर पेनने लिहिला. कुणी तेल आणले नाही. टॅक्सी थेट मोठ्या रुग्णालयात गेली. पावणेनऊला ताई आत होत्या, स्कॅन झाले आणि दहाच्या आत इंजेक्शन लागले. संध्याकाळी त्यांनी डावा हात छातीपर्यंत उचलला. दोन महिन्यांनी त्या कामावर गेल्या.

काका त्या दिवशी काही बोलले नाहीत. आम्ही त्यांच्याशेजारी ओट्यावर बसलो होतो. त्यांनी डाव्या हाताने आमचा हात दाबला, एवढेच.

हे कापून दारामागे चिकटवा

१. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे बोबडे: तिन्हीपैकी एक जरी अचानक झाले तरी निघा.
२. किती वाजता झाले ते लिहा.
३. १०८ ला फोन. चोवीस तास सीटी स्कॅन असलेले रुग्णालय: ........................
४. पाणी नाही, गोळी नाही, तेल नाही, बाबा नाही.
५. आपोआप बरे झाले तरीही त्याच दिवशी रुग्णालयात जा.
६. रक्तदाबाची गोळी आज घेतली का?